डिफॉल्टर लिस्ट लावायच्या आधी पोराला एक फोन करा

पुण्यातल्या सगळ्या कॉलेजांच्या प्राचार्यांना, एचओडी मंडळींना आणि विद्यापीठात बसून परिपत्रकं काढणाऱ्या साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

मी कर्वेनगरला मेस चालवते. तुमच्या केबिनमध्ये यायचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही, पण तुमची पोरं दिवसातून दोनदा माझ्याकडे असतात, त्यामुळे तुमच्याबद्दल मला बरंच माहितीय, म्हणजे कुठल्या सरांचा पेपर हमखास लांबतो, कोण जर्नल फेकून देतं, कुणाच्या ऑरलच्या आधी पोरं दगडूशेठला जाऊन येतात वगैरे. पोरं जेवताना काय काय बोलतात ते तुम्हाला कळलं तर अर्धी मंडळी उद्यापासून लेक्चरला नीट तयारी करून जातील, असो. आज लिहायला बसले ते विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल. मी काही डॉक्टर नाही, बीकॉम झालेय, तेही एक्स्टर्नल, पण कोण जेवतंय आणि कोण जेवत नाहीये हे रोज बघणं हा माझा धंदाच आहे आणि त्यातून जे दिसतं ते तुमच्यापर्यंत पोचत नाही असं वाटतं म्हणून लिहितेय.

आमच्याकडे खाड्यांची वही असते. ज्यांनी पुण्यात मेस लावलीय त्यांना सांगायला नको. महिन्याचे पैसे आगाऊ, सलग तीन दिवस नसाल तर आधी सांगायचं, मग ते पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात, न सांगता गेलात तर नाही, आणि यावरून दर एक तारखेला माझी आणि पोरांची भांडणं ठरलेली. 'काकू मी सांगितलं होतं', 'कुणाला सांगितलं होतंस', 'पोळ्यावाल्या मावशींना' असं सगळं. आता ही वही इतकी वर्षं लिहिल्यावर ती न बघताही कळतं की कोण कशासाठी गायब आहे. गणपतीला कोकणातली पोरं आठवडाभर नसतात, दिवाळीला सगळेच नसतात, सबमिशनच्या आठवड्यात रात्री साडेदहाला पंधरा जणांचा घोळका येतो आणि कुकर परत चढवावा लागतो, पगारवाढ झालेल्या मोठ्या भावाने पाठवलेले पैसे आले की दोन दिवस बिर्याणी. हे सगळे खाडे सरळ आहेत, त्यांची काळजी नाही. काळजी त्याची, जो न सांगता यायचा थांबतो आणि महिन्याअखेरीला खाडे मागायलाही येत नाही. हिंगोली-परभणीकडून आलेलं, घरून मोजून पैसे येणारं पोर भरलेल्या पैशाचं जेवण सोडून देतं आणि भांडतही नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे सांगायला मला कुठलंही मशीन लागत नाही.

अशा वेळी मी काही फार मोठं करत नाही. आमचा डबे पोचवणारा पोरगा आहे त्याच्याबरोबर डबा पाठवते, त्याला सांगून ठेवलंय की काही विचारायचं नाही, फक्त 'काकूंनी दिलाय' म्हणायचं आणि खोलीत लाईट आहे का, कोण आहे, चेहरा कसा आहे एवढं बघून यायचं. दहातल्या सात वेळा ताप असतो नाहीतर प्रेमभंग असतो. एकदोन वेळा पैशाचं असतं. उरलेलं जे असतं त्याबद्दल हे पत्र आहे.

आता तुमच्याकडची वही. म्हणजे हजेरीचं ईआरपी म्हणा, बायोमेट्रिक म्हणा, काय असेल ते. माझ्या वहीपेक्षा ती कितीतरी भारी, कारण मी दिवसातून दोनदा बघते, तुमच्याकडे तासातासाला नोंद होते. पोरगं तीन आठवडे लेक्चरला फिरकलं नाही हे सगळ्यात आधी कुणाला कळायला पाहिजे? आईबापाला नाही कळत, ते चारशे किलोमीटरवर आहेत. मला पण थोडं उशिरा कळतं, कारण पोरं कॉलेज आधी सोडतात आणि जेवण नंतर. तुम्हालाच कळतं. आणि तुम्ही काय करता, तर पाऊणशे टक्के भरत नाहीत म्हणून एक्सेल काढता, कमीत कमी टक्के सगळ्यात वर असं लावता, खालच्या बाजूला 'टर्म ग्रँट होणार नाही', म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, असं लिहिता आणि ती पीडीएफ क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकता, वर नोटीस बोर्डावरही लावता.

मागच्या आठवड्यात अशीच एक लिस्ट आली ती रात्रीच्या जेवणाच्या टायमाला. सगळ्यांचे मोबाईल एकदमच वाजले. पहिली पाच मिनिटं दंगा, 'अरे तू टॉप केलंस', 'भावा पार्टी', नेहमीचं. एक मुलगी होती कोपऱ्यातल्या टेबलावर, तिने ताटात अर्धी पोळी ठेवली, पाणी प्यायली, ताट बेसिनजवळ नेऊन ठेवलं आणि जाताना मला म्हणाली, काकू आज भूक नव्हती. तोपर्यंत तिच्या नावाचा स्क्रीनशॉट निघून त्यावर लाल गोल काढून कुणीतरी ग्रुपवर टाकलाही होता, एकतीस टक्के. तिच्या रूममेटला मी बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं की ही दीड महिना रात्रभर जागी असते आणि सकाळी उठूच शकत नाही. हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, पण एकतीस टक्के मात्र सगळ्यांना माहीत झालं.

सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ ला एक निकाल दिलाय, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणारी सतरा वर्षांची मुलगी गेली त्या प्रकरणातला. माझ्याकडे लॉ करणारा एक पोरगा जेवतो त्याने वाचून दाखवला. त्यात मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, कलम २१, असं म्हटलंय, आणि शाळा, कॉलेज, विद्यापीठ, क्लासेस, होस्टेल सगळ्यांना लागू होतील अशा पंधरा सूचना दिल्यात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक शिकलेला समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवाच. शिकवणाऱ्या आणि बाकीच्या स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग. आणि त्यातच हेही आहे की मुलांना चारचौघांत लाज वाटेल असं करायचं टाळा. आता साहेब, एकतीस टक्क्यांची पीडीएफ दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं हे त्यात बसतं की नाही ते तुम्हीच ठरवा, तुम्ही माझ्यापेक्षा शिकलेले आहात.

अटेंडन्स नको असं मी म्हणत नाहीये, नाहीतर पोरं उद्या हे पत्र घेऊन तुमच्याकडे येतील. उलट अटेंडन्स घ्याच, रोज घ्या. फक्त ती बघा कधी? सेमिस्टर संपताना शिक्षा करायला बघता, ती तिसऱ्या आठवड्यात चौकशी करायला बघा.

एकाचं सांगते. नाव-गाव बदलण्याचा प्रश्नच नाही कारण मी सांगतच नाही. मराठवाड्यातलं पोरगं, मराठी मीडियम, बारावीनंतर सीईटीत चांगले मार्क पाडून इंजिनिअरिंगला आलेला, गावात फ्लेक्स लागला होता त्याचा फोटो मोबाईलवर वॉलपेपर. आल्या आल्या दोन महिने मस्त, चपात्या मोजायचा नाही. पहिल्या सेमला एम-वन, म्हणजे गणित, आणि मेकॅनिक्ससकट चार विषय गेले. पोरं म्हणतात 'उडाले', आणि ज्यांचे उडतात ते पण हसून सांगतात, तसं यानेही हसून सांगितलं. नंतर तो दुपारी तीनला यायला लागला, जेव्हा हॉलमध्ये कुणी नसतं आणि आम्ही भांडी आवरत असतो. मग ताटात भात घेणं बंद. मग दाढी. घरून फोन आला की बाहेर जाऊन बोलायचा, 'हो, मस्त चाललंय, हो जेवलो', आणि आत येऊन जेवण टाकून द्यायचा. घरी चार विषयांचं सांगितलंच नव्हतं, कारण वडिलांनी फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं.

मग डिफॉल्टर लिस्ट लागली आणि नियमाप्रमाणे त्याच्या जीएफएम मॅडमनी, म्हणजे ज्यांना वीस-पंचवीस पोरं वाटून दिलेली असतात त्यांनी, सरळ वडिलांना फोन लावला. मॅडमचा दोष मी धरत नाही, त्यांना तसं सांगितलेलं असतं, 'पालकांना कळवले' असा रकानाच असतो तो भरायचा असतो. पण जरा त्या वडिलांच्या जागी बसून बघा. शेतात उभा असलेला माणूस, पुण्याहून कॉलेजचा फोन, 'तुमचा मुलगा येत नाही, चार विषय राहिलेत, टर्म ग्रँट होणार नाही.' त्याला टर्म ग्रँट म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याला एवढंच कळलं की पोरगं खोटं बोललं. तो पोराला फोन करून जे काय बोलायचं ते बोलला आणि पोराने मोबाईल बंद केला. दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आला. संध्याकाळी त्याचा रूम पार्टनर पळत आला, काकू तो विचित्र बोलतोय, सगळं संपवून टाकू म्हणतोय.

त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही. दोन पोरं झोपायला गेली. मी १४४१६ ला फोन लावला, टेली मानस, केंद्र सरकारची लाईन, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी आधी त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलून घेतलं, काय बोलू नको, काय विचार, खोलीतलं काय बाजूला ठेव ते सांगितलं आणि मला सांगितलं की त्याला सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. सकाळी ससून हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीला घेऊन गेलो, केसपेपर काढला, लाईन होती, थांबलो. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. वडील तिसऱ्या दिवशी आले. आल्यावर मोठं भांडण होईल असं मला वाटलं होतं पण ते माझ्या हॉलमध्ये बसून नुसते त्याच्या ताटाकडे बघत राहिले, तो किती खातो ते बघत. एक वर्ष गेलं त्याचं, पोरांच्या भाषेत वायडी लागला. आता थर्ड इयरला आहे, गोळ्या अजून चालू आहेत, आणि आठवड्यातून दोनदा दुधी का करता म्हणून माझं डोकं खातो.

माझा मुद्दा असा आहे की या सगळ्यात कॉलेजला त्याचं कळलं होतं सहा आठवडे आधी. आणि कॉलेज त्याच्याशी पहिल्यांदा बोललं ते त्याच्याशी नाहीच बोललं, वडिलांशी बोललं, तेही तक्रार म्हणून. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी त्याला कँटीनला बोलवून 'काय रे, दिसत नाहीस, ये चहा पिऊ' एवढं म्हटलं असतं तर तो सगळं सांगून मोकळा झाला असता असा माझा दावा नाही, कदाचित नसताही झाला. पण विचारणारं एक माणूस आहे हे त्याला कळलं असतं. वडिलांना कळवायचं असेल तर पोराला सांगून, त्याला शेजारी बसवून कळवा. अठरा पूर्ण झालेत त्याला, मतदान करतो तो.

मला माहितीय तुमच्याकडून काय उत्तर येणार. मेंटरिंग आहे आमच्याकडे, फाईल आहे. ती फाईल मी बघितलीय हो. माझ्याच हॉलमध्ये भरली जाते. कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची टीम यायची असली की सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, चाळीस फॉर्म घेऊन येतो आणि पोरं भाजीचे हात पुसून जूनपासून नोव्हेंबरपर्यंतच्या सगळ्या मीटिंगच्या सह्या एका बैठकीत करतात, निळं पेन काळं पेन आलटून पालटून म्हणजे खरं वाटेल. 'डिस्कस्ड अकॅडमिक प्रोग्रेस', 'स्टुडंट इज मोटिव्हेटेड'. ज्याचा फॉर्म होता तो मोटिव्हेटेड स्टुडंट त्या दिवशी जेवायला आलाच नव्हता, त्याची सही दुसऱ्याने केली. यात जीएफएम लोकांना तरी काय बोलणार, अर्धे जण कॉन्ट्रॅक्टवर किंवा तासिका तत्त्वावर, दर सहा महिन्यांनी आपली नोकरी राहते की जाते याचं टेन्शन, वर अॅडमिशनची ड्युटी, पेपर तपासणी, आणि त्यात वीस-पंचवीस पोरांच्या मनाची जबाबदारी, तीही फुकट. त्यांचा एक तास टाइमटेबलमध्ये लिहून कमी करा आणि त्या तासाला बाकी काही काम सांगू नका, मग विचारा मेंटरिंगचं.

आता समुपदेशन कक्ष. पाटी बऱ्याच ठिकाणी लागलीय, ते चांगलंच आहे. पण कक्ष कुठे, तर अॅडमिन ऑफिसच्या शेजारी, प्राचार्यांच्या केबिनसमोर, जिथे फी भरायची लाईन असते. वेळ काय, तर मंगळवारी अकरा ते एक. म्हणजे जायचं असेल तर लेक्चर बुडवून जायचं, अटेंडन्स अजून कमी करून घ्यायची, आणि सगळ्या वर्गाच्या डोळ्यांदेखत दार ढकलून आत जायचं. पुण्यात लहानपणापासून आपण काय ऐकतो, जरा कुणी वेगळं वागलं की 'याला येरवड्याला पाठवा', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. पोरं अजून तेच म्हणतात, विनोद म्हणून म्हणतात, पण ज्याला खरंच जायचंय तो ते ऐकून दारातून परत फिरतो. समुपदेशकाला बसायला लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, जिमखान्याच्या मागे, कुठेही जागा द्या जिथे माणूस दुसऱ्या कामासाठीही जाऊ शकतो. वेळ संध्याकाळी पाच ते आठ ठेवा. आणि बसणारी व्यक्ती मराठीत बोलणारी असू द्या हो. इंग्रजीत 'हाऊ डझ दॅट मेक यू फील' विचारल्यावर औसा तालुक्यातलं पोर काय सांगणार, ते 'फाईन' म्हणणार आणि उठणार. तिकडच्या पोराला जे होतं ते 'जीवात जीव नाही', 'कशात मन लागंना' असं होतं, त्याला त्याच शब्दांत सांगू द्या.

आणि तिथे बोललेलं एचओडीकडे जात नाही हे लेखी लावा. पोरांना पक्कं वाटतं की समुपदेशक मॅडम स्टाफरूममध्ये जाऊन सांगतात. कायदा २०१७ चा आहे, मानसिक आरोग्य सेवा कायदा, त्यात गुप्ततेचा हक्क स्पष्ट दिलाय. त्याच कायद्याच्या कलम ११५ मध्ये हेही आहे की कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर उलट सिद्ध होत नाही तोवर ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, तिची काळजी घ्यायची. पोरांना हे माहीत नाही. 'दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल, करिअर जाईल' या भीतीने मित्रमित्र मिळून खोलीतच निस्तरायला बघतात. इंडक्शनच्या दिवशी तुम्ही तीन तास प्लेसमेंटचे आकडे सांगता त्यातली दहा मिनिटं यासाठी द्या.

१० ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या, कार्यक्रमाबद्दल फार लिहीत नाही. दीपप्रज्वलन, पाहुण्यांना रोपटं, दीड तास भाषण 'सकारात्मक विचार करा', आणि हॉल भरावा म्हणून आलेल्यांना दोन लेक्चरची अटेंडन्स. पोरं समोसा खाऊन येतात आणि माझ्याकडे जेवत नाहीत, एवढाच परिणाम मला दिसतो.

त्यापेक्षा पैशाचं बोलू. मानसिक आरोग्य म्हटलं की सगळे मनाचंच बोलतात, पण मी हिशोबाची वही लिहिणारी बाई, मला त्यात पैसा फार दिसतो. महाडीबीटीची, म्हणजे सरकारी पोर्टलवरची, स्कॉलरशिप कधी येईल याचा नेम नाही. अर्ज केला, कॉलेजच्या लॉगिनला अडकला, क्लार्क म्हणतो समाजकल्याणला विचारा, तिकडचे म्हणतात कॉलेजला विचारा. स्वाधार योजनेतले राहण्या-जेवणाचे सरकारी पैसे येणार म्हणून पोरगं खोली घेतं आणि पैसे येतात तेव्हा वर्ष संपलेलं असतं. तोपर्यंत कॉट बेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं, भाडं थकतं, मेसचं बिल थकतं, आणि मग पोरगं लाजेने जेवायला यायचंच बंद होतं. माझ्या वहीत तोही खाडाच दिसतो. मी बोलवून सांगते, बाबा आधी जेव, मग बघू, पण प्रत्येक मेसवाल्याला ते परवडत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही दरवेळी परवडत नाही, गॅस आणि तेल उधारीवर मिळत नाही. त्यात परीक्षेच्या तोंडावर फी बाकी आहे म्हणून हॉल तिकीट अडवलं जातं. रात्री अकराला पोरं फोन करून मामाकडे, मावशीकडे पैसे मागत असतात ते मी ऐकलंय. उद्या सकाळी पेपर आणि आज रात्री हे. शिष्यवृत्ती सरकारकडे अडकली असेल तर पोराचं हॉल तिकीट का अडवायचं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

हे पुणं आहे हो. वार लावून जेवलेल्या पोरांचं गाव आहे हे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असं जेवून शिकले इथे कितीतरी लोक. त्या पद्धतीत जातीपातीचं खूप काही वाईट होतं, तिचं कौतुक नको, पण एक होतं की मंगळवारी पोरगा आला नाही तर मंगळवारच्या घरातली बाई विचारायची. नंतर १९५५ ला विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली, ती अजून खेड्यातल्या पोरांना राहायला-जेवायला देते. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर इथल्या लोकांना जमतं. प्रत्येक कॉलेजने अडीअडचणीसाठी थोडा फंड ठेवावा, ज्यातून अर्ज-ठराव न करता दोन महिन्यांचं मेसबिल भरता येईल, आणि तो कुणाला दिला त्याची यादी कृपा करून ग्रुपवर टाकू नका.

निकालांचं विद्यापीठातल्या साहेबांसाठी. तारीख सांगा. लांबला तर लांबला म्हणून सांगा, पण तारीख सांगा. 'आज रात्री लागणार' अशी अफवा आली की माझ्याकडे सगळा हॉल हातात मोबाईल धरून बसतो, साईट बंद पडते, पहाटेपर्यंत रिफ्रेश, दुसऱ्या दिवशी कळतं की लागलाच नाही. असं एका निकालासाठी चार-चार रात्री होतं. रिव्हॅलला, म्हणजे फेरतपासणीला, टाकलेल्या पेपरचा निकाल पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपल्यावर येतो, म्हणजे पास झालेल्या विषयाचा पण फॉर्म भरून, पैसे भरून अभ्यास करत बसायचं. यासाठी कुठला समुपदेशक नेमणार? हा आजार परीक्षा विभागात तयार होतो तो तिथेच बरा करावा लागेल.

मुलींचं वेगळं. त्यांचं जेवणावरून पटकन कळत नाही, नेहमीप्रमाणे येतात, नीट बोलतात, ताट धुवून ठेवतात. लास्ट इयरला प्लेसमेंट सुरू झाली की कळतं. गेटवर पॅकेजचे फ्लेक्स लागतात, अमुक लाख तमुक लाख, आणि ज्यांचं झालं नाही त्यातल्या काही मुलींच्या घरी 'नोकरी नाही ना, मग स्थळं बघू' सुरू झालेलं असतं. तिच्यासाठी तो इंटरव्ह्यू निव्वळ नोकरीचा नसतो. प्लेसमेंट सेलने हे कधी विचारलंय का कुणाला?

आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. तरी एक लिहिते, कारण तो ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात वर्षभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद आहे आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. यात प्रत्येकाचं कारण वेगळं असणार, एका विषयाने किंवा एका फोनने कुणी जात नाही, हे मला डॉक्टरांनीच सांगितलंय, बरंच काही साठत आलेलं असतं. पण साठत असताना ते कुणाला ना कुणाला दिसत असतं. मला दिसतं. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याला दिसतं, जो म्हणतो हा पोरगा नोट्स काढायचा तो यायचा बंद झाला. अभ्यासिकेच्या वॉचमनला दिसतं. कॉट बेसिसवाल्या आजींना दिसतं की दिवसभर खिडकी बंद आहे.

आणि आता माझी खरी मागणी. आम्हाला दिसतं, पण कळवायचं कुणाला? त्या मुलाच्या वेळी मी कॉलेजच्या लँडलाईनवर फोन केला होता, ऑपरेटर म्हणाली ऑफिस साडेपाचला बंद होतं, उद्या दहानंतर करा. वेबसाईटवर स्टुडंट वेल्फेअरचे नंबर होते, त्यातले एक सर दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले, भले गृहस्थ, त्यांनी बिचाऱ्यांनी अर्धा तास बोलून धीर दिला, पण करणार काय. घरमालकांकडून पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं जातं, आणि मेसवाल्यांना तुम्ही बोलवता ते फक्त फूड पॉयझनिंग झालं की. एकदा चांगल्या कारणाने बोलवा. कॉलेजच्या आजूबाजूच्या मेसवाल्यांना, घरमालकांना, अभ्यासिकावाल्यांना, रिक्षावाल्या काकांना सुद्धा, दोन तास बसवा, तुमच्या समुपदेशकाला सांगायला लावा की काय दिसलं की काय करायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही. कोर्टाने स्टाफला ट्रेनिंग द्या म्हटलंय, त्यात चार खुर्च्या आमच्यासाठी टाका, चहा आम्ही आणू. आणि प्रत्येक कॉलेजने एक मोबाईल नंबर द्या जो रात्री दहाला, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत उचलला जाईल, ज्याच्यावर मी 'तुमचा अमुक वर्षाचा मुलगा चार दिवस जेवलेला नाही' एवढं सांगितलं की पलीकडचं माणूस 'नाव सांगा, मी बघतो' म्हणेल आणि खरंच बघेल, आणि ते त्याच्या अटेंडन्सला, टर्म वर्कला, कशालाही जोडणार नाही. १४४१६ आहेच, तो नंबर आयकार्डच्या मागे छापा, आता तिथे 'हरवल्यास दंड ५०० रुपये' एवढंच असतं.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. पीडीएफ ग्रुपवर न टाकायला काय लागतं? ती उद्यापासून थांबवू शकता. पुढची सेमिस्टर सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यातली तुमची लिस्ट आणि माझी खाड्यांची वही शेजारीशेजारी ठेवून बघायची असेल तर माझी तयारी आहे, पोरांना विचारून. दुपारी तीन ते पाच मी मोकळी असते. जेवायला येणार असाल तर सकाळी दहाच्या आत सांगा, पोळ्यांची कणीक त्यानंतर वाढवता येत नाही.

तुमचीच,
कर्वेनगरची एक मेसवाली काकू